कचेरीतील खिडकी

कचेरीतील कारकून तुसडेपणाने बोलला, की आपण त्याच्या स्वभावाला दोष देऊन मोकळे होतो. नवेगाव बांधच्या परिसरात ऐन मे महिन्यात लोकांच्या दाखल्यांसाठी अनेक कचेऱ्यांचे उंबरठे झिजवल्यावर आम्हांला मात्र वाटू लागले आहे, की त्या तुसडेपणात स्वभावाचा वाटा थोडा आणि तापलेल्या छताचा मोठा असावा.

मानवी शरीराचे आतील तापमान ३७ अंशांच्या आसपास टिकावे लागते. भोवतालची हवा त्याहून तापली, की घाम वाळणे हाच शरीर निवण्याचा मुख्य मार्ग उरतो. पत्र्याखाली दिवसभर बसणाऱ्याचे बरेचसे बळ त्यातच खर्ची पडते. मग नोंदवहीत चूक होते, शब्दाला धार येते, आणि खेड्यातून आलेल्या म्हातारीला उद्या या म्हणून सांगितले जाते.

विदर्भाने यावर कूलर जवळ केला. परंतु कूलरची ओली हवा बाहेर जायला वाट हवी. कित्येक ठिकाणी धुळीच्या भयाने समोरची खिडकी बंद असते. थोड्याच वेळात खोलीत दमटपणा साचतो, घाम वाळत नाही, कागद मऊ पडतात आणि बोल यंत्राला लागतो. पावसाळ्यात हवाच दमट झाल्यावर तर पंखा आणि उघडी खिडकी हीच खरी सोबत.

अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील संशोधकांनी भारतीय कार्यालयांच्या अभ्यासातून २०१४ मध्ये असे दाखवले, की खिडक्या उघडता येणाऱ्या इमारतींत माणसे ऋतूशी जुळवून घेतात आणि बंदिस्त वातानुकूलित कार्यालयांपेक्षा अधिक तापमानही त्यांना सुसह्य वाटते. आमच्याकडील जाड मातीच्या भिंती आणि कौलारू घरे बांधणाऱ्यांना हे अनुभवाने ठाऊक असावे.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाने कामगारासाठी खेळती हवा आणि सुसह्य तापमान राखणे बंधनकारक केले. लेखनिकाचे शरीर काही निराळे नसते. तरीही गारवा साहेबांच्या खोलीत आणि उकाडा खिडकीपाशी रांगेत उभ्या असलेल्यांच्या वाट्याला, अशी वाटणी सर्रास दिसते.

आपल्या धर्मग्रामांच्या, शाळांच्या, पतपेढ्यांच्या कचेऱ्या तरी याला अपवाद आहेत काय? पुढील उन्हाळ्यापूर्वी विश्वस्तांनी एक दुपार लेखनिकाच्या खुर्चीत बसून पाहावे. छताला पांढरा चुना, खिडकीवर झडप, कूलरसमोर हवेला वाट आणि हाताशी पाण्याचा माठ, एवढ्याचा खर्च फार नाही. त्यानंतरही कोणी तुसडेपणाने वागला, तर त्याच्या स्वभावाविषयी खुशाल बोलावे.