मोत्याचं पाण्याचं भांडं



मागे एकदा शेजारच्या वहिनी पापड लाटायला आल्या आणि अर्ध्या तासाने दबक्या आवाजात म्हणाल्या, "राग मानू नका हं, पण बैठकीत जरा वास येतो." राग आलाच. कारण तो मलाही येत होता.

आमचा मोत्या १३ वर्षांचा. दुकानाच्या पायरीवर भिजत बसलेलं पिल्लू मुलाने उचलून आणलं. पुढे मुलगा पुण्याला गेला, मोत्या सिल्लोडलाच राहिला. दूध-पोळीवर वाढला, कधी कुणाला चावला नाही. दिवाळीनंतर मात्र घरात लघवी करायला लागला. आधी ओसरीत, मग बैठकीत, आणि शेवटी मी सामायिकाला आसन टाकते नेमकी तिथेच.

सुरुवातीला मी फिनाईल ओतलं. दोन तास फिनाईलचा वास, तिसऱ्या तासाला दोन्हींचा. शिवाय त्याच फरशीवर तो झोपतो आणि उठून पाय चाटतो, हे ध्यानात आल्यावर बाटली उचलून ठेवली. सुनेने फोनवर व्हिनेगर सांगितलं. तिच्याकडे टाइल्स आहेत, आमच्याकडे सासऱ्यांनी बसवलेली शहाबादी. तो चुनखडीचा दगड, त्याला आंबट सोसत नाही. एका ठिकाणी लावून पाहिलं तर पांढुरका डाग पडला, तो आजही आहे. लिंबू आणि बाथरूमचं ॲसिड यांचंही तेच. संत्र्याच्या साली आणि गूळ तीन महिने मुरवून करतात ते बायोएन्झाइमही आंबटच, आणि मुळात इतके दिवस सडवत ठेवणं माझ्या मनाला पटत नाही. ब्लीच तर लघवीवर कधीच टाकू नका. लघवीतल्या अमोनियाशी मिळून त्याचा विषारी वायू होतो.

उपाय शेवटी आपल्याच सवयीतून सापडला. मलमूत्र ४८ मिनिटांपेक्षा जास्त ओलं राहू द्यायचं नाही, संमूर्च्छिम जीव होतात, हे आपण लहानपणापासून ऐकतो. शास्त्रात ते माणसाबद्दल सांगितलं आहे, पण मी तो नियम मोत्याला लावला. ताज्या लघवीला फारसा वास नसतोच. ती पडून राहिली की त्यातल्या युरियाचा अमोनिया होतो आणि मग नाक धरायची वेळ येते. म्हणून जुन्या सुती साडीचे तुकडे हाताशी ठेवते. आधी मुंगी-किडा नाही ना ते पाहते, मग कापड दाबून टिपून घेते. घासायचं नाही, घासलं की दगडाच्या सांध्यात आणखी आत जातं. नंतर गाळलेल्या पाण्यात थोडी साबणपूड, आणि साध्या पाण्याने दोनदा पुसणं. आपल्याकडे नळ रोज येत नाही, त्यामुळे बादलीभर ओतण्यापेक्षा पिळलेलं फडकंच बरं. कोरडं झाल्यावर खाण्याचा सोडा रात्रभर पसरून सकाळी झाडून घेते. गादीला सोडा आणि कडक ऊन. फिकट कापडावरच्या जुन्या डागाला मेडिकलमधलं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं, पण ते रंग उडवतं, आधी कोपऱ्यात लावून पाहा.

एन्झाइमच्या तयार बाटल्याही मिळतात. एन्झाइम म्हणजे प्रथिन, जीव नव्हे. पण काही बाटल्यांत जिवंत जिवाणूच घातलेले असतात, ते लेबलवर लिहिलेलं असतं. तशी बाटली मी घेत नाही. तुमचं तुम्ही ठरवा.

एवढं करूनही रात्रीचा प्रश्न सुटेना. पहाटे उठावं तर बैठकीत तळं. मग मी एक युक्ती केली. माझा चौविहार असतो, सूर्यास्तानंतर पाणी नाही. त्याच वेळी मोत्याचं भांडंही उचलून ठेवायला लागले. दोन-तीन दिवसांत फरशी कोरडी. घरात येणाऱ्याला मी हसत सांगायचे, "आमचा मोत्याही चौविहार करतो." लोकही हसायचे. तो मात्र रात्री मोरीपाशी जाऊन ओली जमीन चाटायचा. ते मला ऐकू यायचं.

पक्खीच्या प्रतिक्रमणात पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार आले. बांधणं, मारणं, अवयव छेदणं, जास्त भार लादणं, आणि पाचवा, अन्न-पाणी तोडणं. चाळीस वर्षं म्हणते आहे. त्या दिवशी पाचव्यापाशी जीभ अडली. बाजूच्या काकूंना वाटलं मी विसरले, त्यांनी पुढचा शब्द सांगितला. मी घरी आले आणि अंधारातच भांडं भरून ठेवलं. तो किती वेळ पीत होता म्हणून सांगू.

दुसऱ्या दिवशी त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, दिवसाला पाणी किती पितो? बी.कॉम. झालेल्या, घरातल्या दुधाच्या पिशव्यांचा हिशोब ठेवणाऱ्या बाईकडे उत्तर नव्हतं. मग लिटरची बाटली घेऊन मोजलं. वजनाच्या किलोमागे दिवसाला १०० मिलीच्या वर गेलं तर ते जास्त समजतात. मोत्या १४ किलोचा आणि पाणी जवळजवळ दोन लिटर. रक्त तपासलं, मूत्रपिंडं थकली आहेत. अशा जनावराचं पाणी कधीच तोडायचं नसतं, डॉक्टर म्हणाले. शरीर पाणी धरून ठेवू शकत नाही म्हणूनच ते सारखं पितं. मी मान खाली घालून ऐकलं. "इंजेक्शन देऊन मोकळं करायचं का?" असं बरोबर आलेल्या दीरांनी विचारलं, त्याला मात्र मी लगेच नाही म्हटलं.

महासतीजींकडे आलोयणा घेतली. त्यांनी दिलेलं प्रायश्चित्त चालू आहे, ते इथे लिहीत नाही.

आता सामायिकाचं आसन आतल्या खोलीत टाकते. बैठकीत मोत्याची गोधडी, तिच्याखाली जाड प्लास्टिक, शेजारी भरलेलं भांडं. रात्री दोनचा गजर लावते. त्याला अंगणात नेते, कधी वेळेवर पोचतो, कधी उंबऱ्यातच होतं. फडकी दारामागच्या खिळ्यालाच टांगलेली असतात. वहिनी परवा पुन्हा पापडांना आल्या होत्या. वासाचं काही बोलल्या नाहीत, पण खुर्ची दाराजवळ ओढून बसल्या.