पायरव

लहानपणी माझ्या चालण्याला घरातील सर्वजण ‘वरात’ म्हणत असत. मी घरी आलो, हे सांगण्यासाठी मला कधी हाक मारावीच लागली नाही. दार आपटे, चपला दोन दिशांना जात आणि जिन्याच्या पायऱ्या माझ्या आगमनाची वर्दी वरपर्यंत पोचवीत. पुण्याच्या सदाशिव पेठेत आमचा जुना वाडा होता. त्याची माडी लाकडी होती. माडीची जमीन तेच खालच्या माजघराचे छत. वर कोणी धावले, की फळ्यांच्या फटींतून खाली बारीक माती झरत असे.

१९९९ च्या उन्हाळ्यात त्या माजघरात आजीची खाट होती. फेब्रुवारीत ती अंगणात घसरून पडली आणि तिच्या मांडीचे हाड मोडले. तिला झोप मोठ्या कष्टाने लागे आणि लागली, की ती माझ्या पायांनी मोडे. आई रागवे, बाबा समज देत. आजी मात्र एवढेच म्हणे, “असू दे गं. घरात पोर आहे, हे कळतं तरी!” तिच्या या बोलण्याने मला दुप्पट अपराधी वाटे, तथापि संध्याकाळपर्यंत ते सारे विसरून मी पुन्हा जिन्यावरून उड्या मारीत असे.

त्याच सुट्टीत दादाने माडीवरच्या खोलीत संगणक आणला. दादा अभियांत्रिकीचा विद्यार्थी होता. एके संध्याकाळी एक चकचकीत तबकडी हातात धरून तो मला म्हणाला, “हा खेळ तुला जमायचा नाही. यात धावणारा हरतो.”

हे बोल मला चांगलेच झोंबले. मी तत्काळ त्याची खुर्ची बळकावली.

खेळाचे नाव होते ‘थीफ’, म्हणजे चोर. अमेरिकेतील ‘लुकिंग ग्लास स्टुडिओज’ या संस्थेने तो १९९८ साली तयार केला होता. लपतछपत पुढे जाण्याचे संगणकी खेळ त्यापूर्वीही होते. जपानमध्ये १९८७ साली निघालेला ‘मेटल गियर’ हा त्यांतील एक प्रसिद्ध खेळ. परंतु मी तोवर पाहिलेल्या खेळांत नायकाच्या हाती बंदूक असे आणि समोर येईल त्याला लोळवीत सुटायचे, एवढाच नियम असे. हा खेळ निराळा होता. यातील शहर काल्पनिक, रस्ते दगडी, भिंतींवर मशाली. नायकाचे नाव गॅरेट. त्याच्या खऱ्या मित्रांपैकी एक म्हणजे अंधार आणि दुसरी शांतता.

पडद्याच्या तळाशी एक रत्न दिसे. गॅरेट उजेडात आला, की ते उजळे. सावलीत शिरला, की काळवंडे. रत्न काळे असेल, तर पहारेकरी जवळून गेला तरी त्याला आपण दिसत नसू. डोळ्यांपासून लपणे असे सोपे. कानांपासून लपणे मात्र फार अवघड होते. गालिच्यावर पाऊल पडले, तर आवाज होत नसे. गवतावरही तसेच. दगडावर मात्र टाचा वाजत आणि लोखंडी पत्र्यावर तर प्रत्येक पाऊल घंटेसारखे घणघणे.

पहिलीच कामगिरी बॅफर्ड नावाच्या उमरावाच्या वाड्यातून राजदंड पळवून आणण्याची. पुढच्या दाराशी पहारा. म्हणून मागच्या विहिरीतून तळघरात शिरायचे. दादाने माझ्या कानांवर हेडफोन चढवला. मी विहिरीत उडी घेतली, पाण्यातून वाट काढली, तळघर गाठले आणि मग, सवयीप्रमाणे, धूम ठोकली! दहा पावलेही गेलो नसेन, तोच कोणीतरी ओरडले. समोर तलवार चमकली आणि खेळ संपला. दुसऱ्या खेपेस तेच झाले आणि तिसऱ्या खेपेसही तेच.

“पण मी तर अंधारात होतो! त्याने मला पाहिलं कसं?” मी चिडून विचारले.

“पाहिलं नाहीच. त्याने तुला ऐकलं,” दादा म्हणाला. “आणि तुला तो ऐकू आला का?”

“नाही.”

“कसा येणार? तुझ्याच पावलांच्या आवाजात त्याची पावलं बुडून गेली. जरा थांब. उभा राहा आणि नुसता ऐक.”

नुसते ऐकायचे! बारा वर्षांच्या मुलाला याहून कठीण शिक्षा कोणती असेल? परंतु हरण्याचा कंटाळा आला होता, म्हणून मी एका कोपऱ्यात थांबलो. प्रथम काहीच ऐकू येईना. मग मशालीची फुरफुर कानी आली. मग दूर कोठेतरी जोडे वाजले. आवाज वाढू लागला. माणूस इकडेच येत होता. मध्येच तो एकदम मऊ झाला, तेव्हा कळले, की त्याच्या पायांखाली आता गालिचा आहे. पडद्यावर अजून कोणीही दिसत नव्हते. तरी तो कोठे आहे, हे मला डोळ्यांनी पाहावे तसे समजत होते. तो कोपऱ्याशी आला आणि माझ्यापासून हातभर अंतरावर थबकला. मी खुर्चीत बसल्या बसल्या खरोखरच श्वास रोखून धरला. रत्न काळे होते. तो काहीतरी पुटपुटला आणि निघून गेला. मी मागे वळून पाहिले, तर दादा हसत होता.

गॅरेटपाशी धनुष्य होते. त्याच्या एका बाणात पाणी असे. तो मारला, की मशाल विझे. दुसऱ्या बाणाने जमिनीवर शेवाळाचा थर पसरे आणि त्यावरून पाऊल न वाजता जाता येई. सर्वांत कठीण पातळीवर तर अशी अट होती, की वाड्यातील कोणाचाही जीव घ्यायचा नाही. ही अट मला फार आवडली.

असे चार-पाच दिवस गेले. एका रात्री सर्वत्र निजानीज झाल्यावर मला तहान लागली. मी खाली निघालो आणि सहज मनात आले, की आपलाही वाडाच आहे. पाहू या जमते का! फळीच्या मध्यावर पाय दिला, की ती करकरे. भिंतीलगत दिला, की गप्प राही. पायऱ्यांचेही तसेच. इतकी वर्षे त्या जिन्यावरून उड्या मारल्या; पण कोणती पायरी बोलते आणि कोणती मुकी आहे, हे मला त्या रात्री प्रथम समजले. एकही आवाज न करता मी माजघराच्या दाराशी पोचलो आणि खेळात थांबत असे, तसा अंधारात उभा राहून ऐकू लागलो.

आत काहीतरी किंचित वाजले. फुलपात्रावर बोटे आपटावीत, तसे. मग खाटेची कुरकुर, एक दाबलेले कण्हणे आणि पुन्हा शांतता. थोड्या वेळाने पुन्हा तेच.

मी आत गेलो. आजी जागीच होती. उशाजवळच्या तिवईवरचे पाणी घेण्यासाठी ती हात लांबवीत होती आणि तिचा हात वीतभर कमी पडत होता. मी फुलपात्र तिच्या ओठांना लावले. ती घटाघट पाणी प्यायली.

“कोण रे? तू होय! पाय वाजले नाहीत, म्हणून ओळखलंच नाही मी.”

“आजी, तू हाक का मारली नाहीस?”

“दिवसभर सगळी दमतात. एवढ्यासाठी कशाला कुणाला उठवायचं? हे रोजचंच आहे.”

रोजचेच! माझे धावणे, हसणे, ओरडणे तिला रोज ऐकू जात होते. तिचे कण्हणे मात्र एकदाही माझ्या कानी आले नव्हते. दादाचे शब्द मला आठवले आणि अंधारातही माझी मान खाली गेली. मी तिवई खाटेला लावून ठेवली आणि तिला झोप लागेपर्यंत तिच्या पायांशी बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी आईला खेळाचे नाव कळले. “चोरीचा खेळ? हे कसले शिक्षण!” ती म्हणाली. मीही वरमलो, कारण तिचा प्रश्न रास्त होता. तेव्हा आजीने खाटेवरूनच मला बोलावले आणि विचारले, “त्या चोराला बिजागरीवर पाणी घालता येतं का?” मला अर्थबोध झाला नाही. मग तिने ‘मृच्छकटिक’ नाटकातील शर्विलकाची गोष्ट सांगितली. शर्विलक चारुदत्ताच्या घराला भोक पाडतो आणि त्याचे माप जानव्याने घेतो. दार करकरू नये, म्हणून त्यावर पाणी शिंपडतो, दिवा विझवण्यासाठी किडा सोडतो आणि निजलेली माणसे खरोखरच निजली आहेत ना, हे पारखून घेतो. शूद्रकाचे ते संस्कृत नाटक शेकडो वर्षे जुने. आमच्या गॅरेटचे बाण पाहून शर्विलकाला मुळीच आश्चर्य वाटले नसते!

“पण शेवटी त्याला ते दागिने परत द्यावे लागले,” आजी म्हणाली. “मदनिकेनंच त्याला तसं करायला लावलं. हलक्या पावलांनी यायची विद्या वाईट नाही, बाळ. येऊन काय करायचं, ते आपण ठरवायचं.”

त्यानंतर सुट्टी संपेपर्यंत मी रोज रात्री एकदा खाली जात असे. फुलपात्र भरलेले आहे ना, ते पाहत असे आणि आजी जागी असेल, तर तिच्यापाशी घटकाभर बसत असे. राजदंडही एके दिवशी हाती लागला. पण त्याचा आनंद मला वाटला होता तेवढा झाला नाही.

पुढे आजी काठी टेकून चालू लागली. ‘थीफ’ बनवणारी ती संस्था २००० साली बंद पडली. आमचा वाडाही आता राहिला नाही. त्या जागी सिमेंटची इमारत उभी आहे आणि तिच्या फरशा कोणाच्याही पायांखाली बोलत नाहीत. तरीही घरात कोणी आजारी असले, की मी दाराशी क्षणभर थांबतो. आत काय चालले आहे, ते ऐकतो. आणि मगच पाऊल आत टाकतो.