काळ्या पडद्यावरील अक्षरे

बिदरी भांडे पाहताना डोळा प्रथम चांदीच्या नक्षीवर जातो. पण ती उठून दिसते भोवतालच्या काळ्या रंगामुळे. जस्त व तांबे यांच्या मिश्रधातूवर कोरलेल्या रेघांत चांदी बसवितात. मग बिदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर कालवलेल्या पाण्याने धातू काळाभोर होतो, चांदी तशीच राहते. संगणकाच्या टर्मिनलचा काळा पडदा व त्यावरील पांढरी अक्षरे आम्हा बिदरकडील मुलांना परकी वाटली नाहीत, ती बहुधा यामुळेच.

त्या अक्षरांना रंग देण्याची युक्ती मोठी मौजेची आहे. पायथन भाषेत मजकुराच्या आधी २७ क्रमांकाचे ‘एस्केप’ चिन्ह, मग चौकोनी कंस, मग एक अंक व शेवटी ‘एम’ हे इंग्रजी अक्षर घालावयाचे. यांतले काहीच पडद्यावर उमटत नाही. टर्मिनल तो हुकूम समजून निमूटपणे पाळते. ३१ म्हणजे तांबडा, ३२ म्हणजे हिरवा. १ ने अक्षर ठळक होते, ४ ने अधोरेखित. शून्य घालून हुकूम मागे घेतला नाही, तर पुढचा सारा मजकूर तांबडाच! अशा संकेतांचे पहिले प्रमाण युरोपात १९७६ साली ठरले. १९७८ च्या प्रसिद्ध व्हीटी-१०० टर्मिनलला अधोरेखन कळे; रंग मात्र त्याच्या पडद्यावर नव्हतेच.

आमच्या वर्गाने वाचनालयाची यादी अशीच रंगविली: परत आलेली पुस्तके हिरवी, मुदत टळलेली तांबडी. सर्वांनी वाहवा केली. वाचनालय सांभाळणारा माझा मित्र तेवढा गप्प होता. त्याला दोन्ही रंग सारखेच दिसतात. हा दोष जन्मजात असतो व मुलींपेक्षा मुलांत अधिक आढळतो, असे गुरुजींनी सांगितले. नकाशातील रंग विचारले की तो खाली का पाहतो, हे त्या दिवशी उमगले. त्याने हे इतकी वर्षे कोणाला सांगितले नव्हते, याचे मला फार वाईट वाटले.

बिदरी भांड्यावरील चांदी मात्र त्याला आमच्याइतकीच स्पष्ट दिसते, कारण तेथे भेद उजेड-अंधाराचा आहे. तोच धागा धरून आम्ही मुदत टळलेल्या ओळी ठळक व अधोरेखित केल्या आणि पुढे ‘मुदत संपली’ असे शब्दच लिहिले. रंग राहू दिले; ज्यांना दिसतात त्यांनी पाहावेत.

दुसऱ्या दिवशी मित्राने ती यादी वर्गात मोठ्याने वाचली. मुदत संपलेल्यांत पहिलेच नाव त्याचे स्वतःचे होते, आणि तेही त्याने खणखणीत आवाजात वाचले.