दारावरचा पोचा

सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मधून माणूस जेमतेम तिरका होऊन जातो. शेजारच्या गाडीचं दार जरा जोरात उघडलं की आपल्या दाराला पोचा आलाच. आमच्या गाडीच्या मागच्या दाराला असे दोन आले. एक सपाट भागावर, रुपयाएवढा आणि उथळ; दुसरा लहान, पण नेमका दाराच्या आडव्या धारेवर. रंग कुठेच उडाला नव्हता.

गॅरेजवाला म्हणाला, लांबी भरून अख्खं दार रंगवू, विम्यातून करून टाका. एवढ्याशा कामासाठी क्लेम केला की नो क्लेम बोनस जातो, आणि तो सलग पाच वर्षं जपला तर ५० टक्क्यांपर्यंत पोचलेला असतो. पण मला जास्त जिवावर आलं ते कंपनीचा रंग घालवणं. कारखान्यात नुसता पत्र्याचा सांगाडा भट्टीतून जातो, त्यामुळे रंग साधारण १४० अंशांना भाजता येतो. तयार गाडीत वायरिंग, प्लास्टिक, रबर असतं. गॅरेजच्या बूथमध्ये ६० अंशांच्या आसपास थांबावं लागतं. तो मूळ पक्केपणा पुन्हा येत नाही.

म्हणून पोचे ओढून काढायचा संच मागवला: ग्लू गन, प्लास्टिकच्या टिकल्या आणि दोन पायांचा पुलर. उकळतं पाणी ओतायचा उपाय बरेच जण सांगतात. तो प्लास्टिकच्या बंपरला लागू पडतो, दाराच्या पोलादी पत्र्याला नाही.

दार धुऊन आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. मुलगी समोर एलईडीची पट्टी धरून उभी राहिली. पोचा नुसत्या डोळ्यांना नीट दिसत नाही, पण प्रकाशाची सरळ रेघ त्याच्यावर आली की आत वळते. टिकलीला गरम ग्लू लावून ती बरोबर मध्यावर दाबली आणि ग्लू थंड होऊ दिला. मग पुलरची चकती हळूहळू फिरवली. टक् आवाज होऊन टिकली सुटली, तेव्हा रेघेचा बाक थोडा कमी झाला होता. उरलेला ग्लू अल्कोहोलचे दोन थेंब सोडले की अलगद निघतो. नखाने खरवडायची गरज नाही.

खरं कौशल्य पुढे आहे. ओढताना कडेचा पत्रा किंचित वर येतो. तो उंचवटा प्लास्टिकच्या बोथट ठोकणीने, रबरी हातोड्याने हलके हलके बसवावा लागतो. थोडं ओढायचं, थोडं ठोकायचं, दर वेळी रेघ बघायची. घाईने जोर लावला तर खळग्याऐवजी टेंगूळ येतं, आणि ते बसवणं जास्त अवघड. दुपार सरता सरता रेघ सरळ झाली.

धारेवरच्या पोच्याला मी हात लावला नाही. तिथे पत्रा दुमडून ताठ झालेला असतो. ते काम रंग न लावता पोचे काढणाऱ्या कारागिराकडे दिलं. त्याने आतून सळई घालून धार पुन्हा उठवली.

तुमच्या दारावर पोचा असेल तर आधी त्यावरून बोट फिरवा. रंग तडकला असेल तर पावसाळ्याआधी गॅरेज गाठा, नाहीतर गंज धरेल. रंग शाबूत असेल तर कोणी कितीही सांगो, लांबी भरू देऊ नका.