जेवलास का रे?

आमच्या घरात सकाळ दोन भाषांत उजाडते. मी मुलीला मराठीत उठवते, सासूबाई तिला कन्नडमध्ये रागावतात आणि ती आम्हा दोघींनाही इंग्रजीत उत्तर देते. मात्र दारात कुणीही आलं, की सासूबाईंचा पहिला प्रश्न ठरलेला, “ऊट आयता?” जेवण झालं का? उत्तर ‘हो’ आलं तरी ताट मांडलं जातं, हे आपल्या भागातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

हाच प्रश्न मला २०१९च्या डिसेंबरात व्हिएतनामच्या राजधानीत, हनोईत ऐकायला मिळाला. उद्यमबागेत आमच्या ह्यांचं छोटं वर्कशॉप आहे. मशिनरीच्या प्रदर्शनासाठी ते निघाले होते, मला कॉलेजची सुट्टी होती, म्हणून मीही सोबत गेले. आम्ही उतरलो होतो तिथल्या बाई रोज संध्याकाळी शेजारणीला काहीतरी विचारायच्या. अर्थ विचारला तर कळलं, “भात खाल्लास का?” तिकडे ओळखीच्या माणसाची विचारपूस अशीच करतात. मला एकदम सासूबाईच आठवल्या.

शेवटच्या दिवशी आम्ही ‘वान मिएऊ’ म्हणजे विद्येचं मंदिर बघायला गेलो. कन्फ्यूशियसचं हे मंदिर १०७० साली बांधलेलं. पुढे १०७६ मध्ये तिथेच राजविद्यालय सुरू झालं. आवारात दगडी कासवांच्या पाठीवर उभे केलेले ८२ शिलालेख आहेत. १४४२ ते १७७९ या काळातल्या राजपरीक्षांत यशस्वी झालेल्या विद्वानांची नावं त्यांवर कोरलेली आहेत. मास्तरकी अंगात भिनलेली, त्यामुळे मी कौतुकाने बघत होते. बघता बघता मनात आलं, इथे पास झालेल्यांची नावं दगडावर आहेत. जी मुलं परीक्षेपर्यंत पोचलीच नाहीत, ती कुठे गेली असतील?

दुपारी पोटात कावळे ओरडू लागले. मंदिराजवळच्याच रस्त्यावर ‘कोटो’ नावाचं हॉटेल होतं. आम्ही शाकाहारी. तिकडे माशाचा सॉस जवळजवळ प्रत्येक पदार्थात असतो, त्यामुळे आमची पंचाईत व्हायची. शाकाहारी जेवणाला तिथे ‘चाय’ म्हणतात. दोन दिवस मी जिथे तिथे “चाय, चाय” करत होते आणि आमचे हे म्हणायचे, “एवढा चहा कशाला पितेस?”

ऑर्डर घ्यायला आली ती एकोणीस-वीस वर्षांची मुलगी. इंग्रजी जपून, शब्द मोजून बोलणारी. तिने केळफुलाची कोशिंबीर सुचवली, वर शेंगदाण्याचं भरड कूट घातलेली. केळफूल म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला. सोबत तांदळाच्या पातळ पापडात गुंडाळलेल्या भाज्या आणि टोफू मागवला.

सूप आणताना मात्र तिचा हात थरथरला आणि थोडं सूप माझ्या ओढणीवर सांडलं. मुलगी पांढरीफटक पडली. आता हिला सगळ्यांसमोर बोलणी बसणार, असं वाटून मीच अंग चोरलं. तिचे शिक्षक आले. त्यांनी आमची माफी मागितली, मग तिच्याशेजारी उभे राहून हलक्या आवाजात काहीतरी सांगितलं. दुसरा वाडगा त्यांनी स्वतः आणला नाही. तिलाच आणायला लावला. या वेळी तिने तो नीट ठेवला आणि पहिल्यांदाच हसली.

मग चौकशी केली. कोटो म्हणजे ‘नो वन, टीच वन’ या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं. एक शिका, एकाला शिकवा. जिमी फाम या व्हिएतनामी-ऑस्ट्रेलियन तरुणाने रस्त्यावरच्या मुलांना पोटापाण्याला लावण्यासाठी १९९९ मध्ये हनोईत हे काम सुरू केलं. सुरुवात झाली सँडविचच्या लहानशा दुकानापासून. गरीब, निराधार मुलांना दोन वर्षं स्वयंपाक, वाढप, इंग्रजी आणि चारचौघांत वावरायचं कसं हे शिकवलं जातं. राहण्या-जेवणाची सोयही संस्थाच करते. गिऱ्हाइकाच्या बिलातून या शिक्षणाला हातभार लागतो.

सूप निवत चाललं होतं आणि मला २०११ सालचा एक मुलगा आठवत होता.

बी.ए.च्या वर्गात तो शेवटच्या बाकावर बसायचा. पहिल्या तासाला हमखास झोपायचा. बसस्टँडजवळच्या हॉटेलात तो रात्री बारापर्यंत टेबलं पुसतो, हे मला कुणीतरी सांगितलंही होतं. पण हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली गेली होती. नियमाप्रमाणे मी यादी केली, त्यात त्याचं नाव घातलं आणि सही ठोकली. त्याला समोर बोलावून एक शब्द विचारला नाही. त्याचं वर्ष गेलं आणि तोही गेला.

काही महिन्यांनी आम्ही एका हॉटेलात जेवायला गेलो, तर खांद्यावर फडकं टाकून तोच समोर उभा. “मॅडम, काय देऊ?” आवाजात राग नव्हता. त्याने आग्रहाने गरम पुरी वाढली. तो घास माझ्या घशाखाली उतरला नाही. त्या दिवशी त्याच्याशी बोलायला हवं होतं. मी बिल देऊन उठले.

हनोईतून निघताना त्या मुलीने हात जोडल्यासारखं करून मला ‘को’ म्हटलं. को म्हणजे आत्या, आणि बाईंनाही मुलं कोच म्हणतात. मी कॉलेजात शिकवते हे तिला ठाऊक नव्हतं. मला मात्र ते लागलं.

खरं तर हे शिकायला एवढ्या लांब जायची गरज नव्हती. कर्मवीर भाऊराव पाटलांची ‘कमवा आणि शिका’ आपल्या शेजारची. तुमकूरच्या सिद्धगंगा मठाचा त्रिविध दासोह म्हणजे अन्न, अक्षर आणि आसरा. तोही घराघरात माहीत. २००६ पासून हॉटेलात चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला कायद्याने बंदी आहे. पण अठरा-एकोणीस वर्षांचं पोर रात्री राबून सकाळी वर्गात येतं, त्याच्यासाठी कायद्यात काही नाही. त्याच्यासाठी फक्त आपण असतो.

परत आल्यावर मी त्याचा शोध घेतला. हॉटेलचे मालक बदलले होते. कुणी म्हणालं पुण्याला गेला, कुणी म्हणालं गोव्याला. तो सापडला नाही. पुढे करोना आला, कॉलेजं बंद पडली, सगळंच थांबलं.

कॉलेजं पूर्ववत सुरू झाल्यावर रात्री काम करणारी तीन मुलं रविवारी आमच्या ओसरीवर येऊ लागली. मी इंग्रजी घेते, हे हिशेब शिकवतात. त्यातल्या एकाने गेल्या वर्षी स्वतःहून धाकट्या दोघांना आणलं आणि आता तोच त्यांना शिकवतो. फार मोठं काही नाही. ओसरी तेवढीच आहे.

हजेरीची यादी अजूनही करावी लागते. फक्त सही करण्याआधी मी एकेका मुलाला स्टाफरूममध्ये बोलावते. मराठी असेल त्याला मराठीत, कन्नड असेल त्याला कन्नडमध्ये पहिला प्रश्न सासूबाईंचाच विचारते. हजेरीचं मग बोलतो.