सुलतानचा उपवास

मेडिकलवाल्यानं चिठ्ठी वाचली आणि विचारलं, "पेशंट की उमर?"

"नऊ साल," मी म्हटलं.

त्याचा हात थबकला. "नौ साल के बच्चे को ये दवा? क्या हुआ अम्मा बच्चे को?"

बच्चा म्हणजे आमचा सुलतान. पस्तीस किलोचा, लॅब्रेडोरच्या वळणाचा कुत्रा. जैनाच्या घरात कुत्रा, तोही सुलतान नावाचा! शेजारी गाव सोडून गेले तेव्हा आमच्याकडे ठेवून गेले. सासूबाईंनी महिनाभर त्याला उंबऱ्याबाहेर ठेवलं. मग त्याचा 'सुलू' झाला आणि तो देवघराच्या दाराशी झोपू लागला.

गेल्या उन्हाळ्यात बरकतपुरा चमनपर्यंत चालला तरी बसकण मारायला लागला. रात्री खोकायचा. डॉक्टरांनी उजव्या कुशीवर निजवून ईसीजी काढला. निरोगी कुत्र्याचेही ठोके घड्याळासारखे पडत नाहीत म्हणे. श्वास घेताना जलद, सोडताना सावकाश. पण सुलतानचं तसं नव्हतं. हृदयाच्या वरच्या कप्प्यांना नुसती थरथर सुटली होती. मिनिटाला दोनशेच्या वर ठोके, आणि त्यांना ताल म्हणून नाही. डॉक्टरांनी माझा एक हात त्याच्या छातीवर ठेवला, दुसरा मांडीच्या आतल्या नाडीवर. छातीत ठोका पडायचा, मांडीत पोहोचायचाच नाही.

औषधं दोन. डिल्टियाझेम दर आठ तासांनी, डिगॉक्सिनची अर्धी गोळी दर बारा तासांनी. ताल परत येणार नाही, वेग तेवढा आवरायचा.

डिगॉक्सिनचं नाव ऐकून मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. मामंजी कित्येक वर्षं तीच गोळी घ्यायचे. सोमवार ते शुक्रवार गोळी, शनिवार-रविवार सुटी. त्यामुळे डॉक्टर "खाणं कमी झालं तर लगेच कळवा" म्हणाले ते मी अर्ध्या कानानंच ऐकलं. सासूबाईंची शंका निराळीच, "कशापासून करतात?" पानांपासून, मी सांगितलं. डिजिटॅलिस नावाच्या झाडाची पानं. त्या निश्चिंत झाल्या. रात्री दहाच्या गोळीचं मला अवघड वाटत होतं, कारण आमच्याकडे दिवस मावळल्यावर कुणाच्या तोंडात पाणीसुद्धा जात नाही. पण त्याच म्हणाल्या, "रोग्याला कसली गं रात्र!" आणि पोळीच्या तुपाळ तुकड्यात गोळी लपवून द्यायला लागल्या.

भाद्रपदात दशलक्षण पर्व लागलं. सासूबाईंचे उपवास, माझी एकाशनं. तिसऱ्या दिवशी सुलतानानं दहीभाताच्या ताटलीवरून तोंड फिरवलं. चौथ्या दिवशीही. देवळात मी कौतुकानं सांगितलं. एक काकू म्हणाल्या, "मागच्या जन्मीचा श्रावक असणार बाई!" मला खोटं कशाला बोलू, अभिमान वाटला. आणि घरी येऊन मी त्याचा जबडा उघडून गोळी घशात घातली. उपाशीपोटी, बारा तासांनी, न चुकता.

पाचव्या दिवशी त्याला उलट्या झाल्या. वॉचमन दारात येऊन म्हणाला, "अम्मा, ये उपास नै, बीमार है."

डॉक्टरांनी गोळी तिथल्या तिथे बंद केली. शेवटच्या गोळीला आठ तास झाल्यावर रक्त काढलं. औषध अंगात साठलं होतं. ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. जनावर खाईना-पिईना झालं की आतच राहतं, आणि तारणारा डोस आणि मारणारा डोस यांत अंतर फार थोडं. हे काही नवं ज्ञान नाही. विल्यम विदरिंग नावाच्या इंग्रज डॉक्टरनं 1785 मध्ये या झाडावर पुस्तक लिहिलं, त्यातच मळमळ, उलट्या, मंदावलेली नाडी हे सगळं नोंदवून पोट बिघडताच औषध थांबवा म्हटलं आहे. आमच्याकडे पाणी गाळून पितात, पाऊल टाकताना मुंगी बघतात. आणि मी रोज दोनदा, स्वतःच्या हातानं...

दोन रात्री सासूबाई त्याच्याजवळ चटई टाकून बसल्या. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी त्यानं चमचाभर दहीभात चाटला. क्षमावणीला सगळ्या घरांत जाऊन हात जोडले, "उत्तम क्षमा" म्हटलं. सुलतानापुढे मात्र नुसतीच बसून राहिले.

आता गोळी पाव. पाव तुकडा करताना निम्म्या वेळा चुरा होतो, तेव्हा केमिस्टकडून गोळी कापायची डबी आणली. वहीत खाणं, पाणी, खोकला, सगळं लिहिते. एक वेळ जरी ताटली तशीच राहिली तरी आधी डॉक्टरांना फोन, मग गोळीचं बघू.

ठोके मोजायचं काम दोघींचं. तो शांत पडला की मी छातीवर तळवा ठेवून हळूच "हं, हं" म्हणते, आणि सासूबाई जपमाळेचा एकेक मणी ओढतात. पंधरा सेकंदांत पाव माळ, म्हणजे सत्तावीस मणी, झाली की ठीक. मिनिटाला सव्वाशेच्या आत ठेवायचे आहेत. काल रात्री अठ्ठावीस झाले. त्यांनी पुन्हा मोजायला लावलं.