समोरच्याच्या कानाने

पिकअपला मोठा हॉर्न लावायला कुणी आलं की मी आधी जुनाच वाजवून बघतो. आमच्याकडच्या रस्त्यांवर पुष्कळ हॉर्नांचा आवाज बसतो तो हॉर्न खराब झाल्यामुळे नव्हे, तर त्याला पुरेसा करंट मिळत नाही म्हणून. उन्हाळ्यात फुफाटा बसतो, पावसाळ्यात चिखल उडतो आणि अर्थचा बोल्ट आतून गंजत जातो. इंजिन चालू ठेवून मी मीटर लावतो. बॅटरीवर १४च्या आसपास व्होल्ट असताना हॉर्न वाजवल्यावर त्याच्या टोकाशी ११च दिसले, तर उरलेले वाटेत गेले. बोल्ट सोडायचा, पत्रा पॉलिश पेपरने घासायचा, नवी थिंबल दाबून बसवायची. एवढ्यावर काम भागलं तर नवा हॉर्न विकायचा नाही, हा माझा नेम आहे.

तरीही मोठ्या हॉर्नची गरज खरी असते. बालाघाटातली सीताफळं घेऊन धारूरचा घाट उतरणाऱ्याला वळणापलीकडचं काही दिसत नाही. त्यातच उसाचा हंगाम लागतो आणि तेलगावच्या बाजूला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्ताभर होतात. उसाच्या भाऱ्यामुळे चालकाला मागचं दिसत नाही. इंजिनाचा आवाज त्याच्या कानाशी साधारण ९० डेसिबल असतो, वर टेपही चालू.

आता हिशोब बघा. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. ७ मीटरवर १०५ डेसिबल असलेला हॉर्न ५६ मीटरवर ८७ उरतो. ताशी ६० किलोमीटरने धावणारी पिकअप सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते, म्हणजे ते ५६ मीटर साडेतीन सेकंदांत संपतात. एकसारखे दोन हॉर्न जोडले तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने. म्हणून नुसत्या जोराच्या मागे लागण्यात अर्थ नाही. सूर निवडावा लागतो. इंजिनाची घरघर खालच्या पट्टीतली असते. तिच्यातून वेगळा ओळखू येतो तो वरचा सूर. पण एकटा वरचा सूर कर्कश लागतो, त्याला खालच्याचा भरणा हवा. त्यामुळे मी हाय-टोन आणि लो-टोन अशी जोडीच देतो, तीही शक्यतो गोगलगाईच्या आकाराची. तिचा आवाज साध्या चपट्या डिस्क हॉर्नपेक्षा भरदार येतो.

“मिस्त्री, ट्रकचा प्रेशर हॉर्न बसवा की,” असा आग्रह बरेच जण करतात. मी बसवत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९मधला ११९वा नियम एकामागून एक वेगवेगळे सूर काढणाऱ्या आणि कर्कश, दचकवणाऱ्या हॉर्नला मनाई करतो. नियम नसता तरी मी नाहीच म्हटलं असतं. याच रस्त्यावर बैलगाड्या असतात, मेंढरांचे कळप असतात. बैल बुजले की गाडी कुठे जाईल याचा नेम नाही, आणि त्या गाडीवर ऊसतोडीला निघालेलं अख्खं कुटुंब बसलेलं असतं.

जोडणीत मी घाई करत नाही. दोन हॉर्न मिळून दहाच्या आसपास अँपिअर ओढतात. एवढा भार स्टीअरिंगच्या स्विचवर आणि जुन्या बारीक वायरवर टाकला तर स्विचचे पॉइंट जळतात. म्हणून रिले हवाच. बॅटरीवरून जाड वायर रिलेच्या ३० नंबरला, तिच्यात बॅटरीजवळच फ्यूज, आणि ८७ नंबरवरून हॉर्नला. जुन्या हॉर्नची वायर ८६ला, ८५ला अर्थ. मात्र काही गाड्यांत स्टीअरिंगचं बटण प्लसऐवजी अर्थ देतं. तिथे रिलेच्या ८५ला अर्थऐवजी प्लस द्यावा लागतो. म्हणून टेस्ट लॅम्प लावल्याशिवाय वायर कापायची नाही. हॉर्नला अर्थही वेगळा, थेट बॅटरीपर्यंत नेलेला.

हॉर्न त्याच्या पट्टीवरच धरायचा, पत्र्याला टेकू द्यायचा नाही. टेकला की आवाज फाटतो. तोंड पुढे आणि थोडं खाली, म्हणजे पाणी साचत नाही. रेडिएटरची हवा अडणार नाही अशी जागा शोधायची.

शेवटी चाचणी. मालकाला मी केबिनमध्ये बसू देत नाही. बटण माझा पोरगा दाबतो. मालकाला पन्नासेक पावलं पुढे, चालू ट्रॅक्टरशेजारी पाठ करून उभं करतो. मग ट्रॅक्टर बंद करून गाडीच्या जवळ बोलावतो आणि बटण पुन्हा एकदा, अगदी थोडंसं दाबायला लावतो. लांबून कळला पाहिजे आणि जवळून छातीत धस्स होता कामा नये. या दोन्हींत उतरला तरच काम झालं. स्वतः ऐकल्यावर मालक बटणावर हात ठेवून बसत नाही, दवाखान्यापुढे, शाळेपुढे तर नाहीच. हॉर्न वाजवणाऱ्यासाठी नसतो, ऐकणाऱ्यासाठी असतो, ही गोष्ट पन्नास पावलं पुढे उभं राहिल्यावर जशी पटते तशी सांगून पटत नाही. म्हणून हॉर्न बसवणाऱ्या प्रत्येक मिस्त्रीने हा फेरा गिऱ्हाइकाला घालायला लावावा. त्याला पाच मिनिटं लागतात आणि त्याचे पैसे घ्यायचे नसतात.